नवसीबायच्या गोष्टीचा शेवट

दीपाली वरठाची पहिली गोष्ट नाकारली ती कुठल्या संपादकाने नव्हे, कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरने.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतली औषधाच्या गोळ्या बनवणारी ती कंपनी. दीपालीला पॅकिंगला लागून वर्ष झालं होतं. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला आणि नोटीसबोर्डावर निबंधस्पर्धेचा कागद लागला. विषय होता हातमोज्यांचं महत्त्व. दीपालीने पाच पानं लिहिली. त्यात दोन बायका होत्या. एकीचा उजवा मोजा फाटलेला, दुसरीचा डावा, आणि स्टोअरमधला माणूस काही केल्या नवी जोडी देत नाही. शेवटी त्या दोघी एकाच मशीनवर शेजारी उभ्या राहतात आणि दोघींत मिळून एक जोडी चालवतात. ऑफिसरने पानं वाचली आणि हसत परत दिली.

"मॅडम, निबंध मागितला होता. ही तर गोष्ट झाली."

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. त्याने नेटवरून उतरवलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. दीपालीला त्याचं फारसं काही वाटलं नाही. कंपनीच्या बसमधून उमरोळीला उतरेपर्यंत तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, की गोष्ट झाली असं तो म्हणाला. म्हणजे झाली होती.

तिचं माहेर मनोरच्या पलीकडे, डोंगरात. बारावीपर्यंत ती आश्रमशाळेत राहिली, पुढे मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली. आश्रमशाळेत बाकीच्या मुलींची घरची पत्रं तीच लिहायची. 'मी बरी आहे' याच्या पुढे मुलींचं गाडं अडायचं. मग दीपाली एकेक विचारत बसायची, काल जेवायला काय होतं, कोण रडलं, कुणाची चप्पल हरवली, आणि तेच लिहून टाकायची. हे लिहिणं म्हणजे काही विशेष आहे असं तेव्हा तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिने मनावर घेतलं नसतं.

हातमोज्यांची गोष्ट तिने नीट उतरवून मुंबईच्या एका मासिकाला पाठवली. अडीच महिन्यांनी ती साभार परत आली. दुसरी परत आली. तिसरीचं काय झालं ते कधी कळलंच नाही. पुढची नऊ वर्षं हे असंच चाललं.

या नऊ वर्षांत तिला 'नाही'चे बरेच प्रकार कळले. छापील चिठ्ठी यायची, तिच्यावर कथेचं नावही नसायचं. ईमेल यायची, 'आपला लेख' म्हणून सुरू होणारी. एका संपादकाने कळवलं की बोलीतले संवाद वाचकांना जड जातील, ते प्रमाण मराठीत करावेत. तिने केले आणि तीच कथा दुसरीकडे पाठवली, तर तिथल्या संपादकाने लिहिलं की पात्रं पुस्तकी बोलतात, बोली आली असती तर जान आली असती. आणखी एकाने मोठ्या सौजन्याने सुचवलं, की कथेऐवजी तुमच्याकडच्या लग्नाच्या चालीरीतींवर लेख दिलात तर अवश्य छापू.

कथा परत आली की दीपाली ती आठवडाभर नजरेआड ठेवायची. मग सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्या कुणीतरी लिहिली आहे असं समजून वाचायची. खटकलेलं दुरुस्त करायची आणि पुढच्या पत्त्यावर धाडायची. काही वेळा खटकण्यासारखं काहीच सापडायचं नाही. ते दिवस जास्त वाईट जायचे.

नवरा अंकुश पालघरच्या एका हार्डवेअरच्या दुकानाचा टेम्पो चालवायचा. तिचं लिहिणं त्याने कधी वाचलं नाही आणि कधी अडवलंही नाही. पोस्टात टाकायचं पाकीट असलं की तो ते टेम्पोत पुढे काचेशी ठेवायचा आणि आठवणीने टाकायचा. एकदा गोष्टीवर डाळ सांडली म्हणून त्याने स्वतःच झेरॉक्स काढून आणली, तेवढाच काय तो त्याचा साहित्याशी संबंध.

आठव्या वर्षी तिने नवसीबायची गोष्ट लिहिली.

नवसीबाय तिच्याच लाइनवर कार्टनिंगचं, म्हणजे गोळ्यांची पाकिटं खोक्यांत भरायचं मशीन चालवायची. पंचेचाळिशीची, ठेंगणी, आवाज मात्र असा की मशीन चालू असतानाही दोन टेबलं पलीकडे ऐकू जावा. चौदा वर्षं ती नवऱ्याबरोबर दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची. एका वर्षी भट्टीचा ट्रक पाड्यावर आला, सामान चढलं, नवरा चढला, आणि ही खालीच उभी राहिली. पोरगी रिद्धी तेव्हा चौथीत होती. दरवर्षी तिची अर्धी शाळा बुडायची. "तुमी जा, मी नाय येत," एवढंच बोलून नवसीबाय पोरीला घेऊन बहिणीकडे बोईसरला आली. कंपनीत मदतनीस म्हणून लागली, झाडू मारला, खोके उचलले, बघून बघून मशीन शिकली. आता ती कायम झाली होती आणि नवीन मुलींना शिकवायची.

दीपालीने ही सगळी हकीकत घेतली, बाईचं नाव सोमी केलं आणि अकरा पानांत लिहिली. सोमी भट्टीवर न जाता कंपनीत येते, मशीन शिकते, खोली घेते. शेवटी एका संध्याकाळी दारात बसून सुकट-भात खाते आणि तिच्या लक्षात येतं, की कानातला मशीनचा आवाज आज थांबला आहे. बस्स. कथेचं नाव 'सोमी'. कँटीनमध्ये तीन दुपारी मिळून दीपालीने ती नवसीबायला वाचून दाखवली. तेव्हापासून नवसीबाय महिन्यातून एकदा तरी विचारायची, "माझी गोष्ट कुठं पोचली?" आणि दीपाली गावाचं नाव सांगायची. औरंगाबाद. ठाणे. कोल्हापूर. नवसीबायला वाटायचं गोष्ट बरीच फिरते आहे, आणि ते खरंही होतं.

नवव्या वर्षाच्या जुलैमध्ये एकदा शिफ्ट सुटल्यावर दीपालीने लॉकरमधून फोन काढला, तर त्यावर एकाच अनोळखी नंबरचे तीन मिस्ड कॉल होते. गेटबाहेर येऊन तिने फोन लावला.

"दीपालीताई, मी समिधा बोलतेय, पुण्याहून," पलीकडची बाई म्हणाली आणि तिने दिवाळी अंकाचं नाव सांगितलं. ते नाव दीपालीला चांगलंच माहीत होतं. तिथून तिच्या चार कथा परत आल्या होत्या. "तुमची 'सोमी' वाचली. दोनदा वाचली. आम्हाला अंकात घ्यायची आहे."

शेजारून टँकर गेला. दीपाली कंपाउंडच्या भिंतीला टेकली.

"घ्यायची म्हणजे... घेणार?"

"घेणार. फक्त शेवट बसत नाहीये."

"बसत नाही म्हणजे कसा, मॅडम?"

"अहो, ती बाई येते, शिकते, ऑपरेटर होते आणि दारात बसून सुकट-भात खाते. मग पुढे? वाचक वाट बघत राहतो. तुमच्या भागातल्या बायकांचं आयुष्य किती खडतर असतं. कारखान्यांतले अपघात आम्ही पेपरात वाचतो. त्यातलं काहीच येत नाही. तिला कशाचीच किंमत मोजावी लागत नाही का?"

"मोजते ना. पाय सुजतात तिचे. तिसऱ्या पानावर आहे ते."

समिधा हसली. हसणं कुत्सित नव्हतं. "आहे, वाचलं मी. पण पाय सुजून कथा संपत नाही, दीपालीताई. तुम्ही विचार करा. दहा दिवसांत शेवट पाठवलात तर जागा राखून ठेवते."

घरी आल्यावर दीपालीने अंकुशला सगळं सांगितलं, शेवटाचंही. तो इतका खूश झाला की चहा त्यानेच टाकला.

"मग मार ना तिला," तो म्हणाला. "दहा दिवस हायत. बक्कळ झाले."

आणि दीपालीने सोमीला मारलं. चार सकाळी बसून मारलं. शेजारच्या प्लांटमध्ये स्फोट होतो, चेंजिंग रूमकडे जाणाऱ्या वाटेवरची भिंत कोसळते आणि सोमी तिच्याखाली सापडते. हे लिहायला तिला अजिबात जड गेलं नाही. असा एक आवाज तिने स्वतः ऐकला होता. एका संध्याकाळी उमरोळीच्या त्यांच्या खोलीच्या काचा थरथरल्या होत्या. वाक्यं भराभर येत गेली. नऊ वर्षांत तिने इतकं नेमकं काही लिहिलं नव्हतं, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये नवसीबायने ताट ठेवलं आणि विचारलं, "कुठं पोचली गोष्ट?"

"पुण्याला. छापणार हायत."

"अगं बाय!"

"पण शेवट बदलायला सांगितलाय, नवसीबाय. शेवटी तू..." दीपाली थांबली. "शेवटी सोमी मरते. भिंत पडते अंगावर."

नवसीबाय एवढ्या मोठ्याने हसली की पलीकडच्या टेबलावरचे सुपरवायझर वळून बघायला लागले.

"मार की! कागदावर मरायला काय लागतं? तेवढीच सुट्टी."

दीपालीलाही हसू आलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. नवसीबाय डाळ-भात कालवत राहिली. दोन-चार घास झाल्यावर सहज बोलल्यासारखी म्हणाली, "मग माझ्या पोरीला कुणी सांगितलं?"

"काय?"

"मी मेले तं. पोरगी हॉस्टेलात हाय ना. तिला सांगाया कोण गेलं? आन् पुढं शिकली का ती, का गेली परत बापाबरोबर भट्टीवर?"

कथेत सोमीची मुलगी दुसऱ्या पानावर शाळेत जात होती आणि त्यानंतर ती कुठेच नव्हती. जुन्या शेवटातही नव्हती, नव्या शेवटातही नव्हती.

नवसीबायने काही खोट काढायची म्हणून विचारलं नव्हतं. बेल झाली तशी ती ताट विसळून उठली आणि टोपीत केस कोंबत लाइनवर गेली.

त्या संध्याकाळी दीपाली मुलीसाठी काहीतरी लिहायला बसली. आधी तिने मुलीला भट्टीवर पाठवलं. ते वाईट दिसलं, म्हणजे कथेत चांगलं दिसलं. मग तिने मुलीला आईच्याच जागी कंपनीत लावलं. ते आणखी चांगलं दिसलं. अर्धा तास ती त्या दोन कागदांकडे बघत बसली. आई मेली ती शेवटाला हवी म्हणून, आणि आता पोरीचंही वाटोळं होणार ते आईचं मरण उठून दिसावं म्हणून. हे असं कितीही वेळ करता येईल हे तिला दिसत होतं. पाड्यावरचा नवराही होता अजून शिल्लक.

नवव्या दिवशी तिने समिधाला फोन केला.

"मॅडम, मी लिहून बघितलं. पण मी ते पाठवत नाही."

"जमलं नाही का?"

"जमलं. म्हणूनच."

"कथा तुमची आहे," समिधा म्हणाली. "पण मग यंदा घेता येणार नाही. मला खरंच वाईट वाटतंय." तिला वाटत असावं, तिचा आवाज तसा होता.

अंकुशने जेवण होऊ दिलं. मग म्हणाला, "नऊ वर्सं एका होकारासाठी थांबलीस. आन् आला तं तूच नाय म्हणालीस."

"हो."

"उद्या वाईट वाटंल तुला."

"आजच वाटतंय."

दिवाळीत तो अंक तिने पालघर स्टेशनजवळच्या स्टॉलवर विकत घेतला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. एकूण नऊ कथा होत्या. दोन तिला कळल्या नाहीत, तीन चांगल्या होत्या. त्या तीनपैकी एकीत एक बाई मरते. ते मरण इतकं खरं होतं की दीपालीने ते पान पुन्हा वाचलं. तेव्हा तिच्या मनात आलं, की कदाचित आपण चुकलो. तत्त्वाबित्त्वाचं काही नव्हतं, आपल्याला फक्त असं मरण लिहायला जमत नव्हतं आणि आपण त्याला मोठं नाव दिलं. हा विचार तिला पुढचे तीन महिने सोडेना. त्या तीन महिन्यांत तिने एक ओळ लिहिली नाही. नवसीबायने विचारलं तर ती म्हणाली, "गोष्ट घरी आहे." नवसीबाय म्हणाली, "आराम करू दे तिला," आणि मग विचारायचं बंद केलं.

फेब्रुवारीत एका दुपारी रिद्धी कंपनीच्या गेटवर आली. ती आता पालघरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. शिफ्ट सुटायची वेळ होती. दीपाली आणि नवसीबाय बरोबरच बाहेर पडल्या, तर पोरगी वॉचमनच्या केबिनशी हातात कागद घेऊन उभी.

"हे काय?" नवसीबायने विचारलं.

"फॉर्म. तुमच्या कंपनीत भरती हाय ना. पॅकिंगला."

"आन् नर्सिंग?"

"सोडते. दीड वर्स हाय अजून. तुझे पाय बघ कसे झालेत. तू बस घरी, मी येते तुझ्या जागेवर."

नवसीबायने कागद हातात घेतला. तिला तो वाचता येत नव्हता, पण कंपनीचा शिक्का तिने ओळखला. मग तिने भर गेटवर, पन्नास-साठ माणसांदेखत पोरीला जे काही ऐकवलं, ते वॉचमन पुढे आठवडाभर सांगत होता. पॅकिंगला पाय ठेवलास तर तंगडी मोडीन, इथपासून तिने सुरुवात केली. पोरगीही काही कमी नव्हती. "तू आलीस तं चालतं, मी आले तं का नाय? वाईट हाय का काम?"

"वाईट नाय," नवसीबाय म्हणाली, आणि तिचा तो आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माझं हाय ते. तुझं नाय."

तिने फॉर्मची घडी घातली, ब्लाउजमध्ये खोचली आणि रिक्षाच्या दिशेने चालू लागली. पोरगी तिथेच उभी राहिली. मग बऱ्याच अंतराने तिच्या मागे गेली.

दीपालीची बस सुटली. पुढच्या बससाठी ती चाळीस मिनिटं थांबली आणि त्या चाळीस मिनिटांत तिला कळलं की समिधाचं अर्धं बरोबर होतं. किंमत खरंच गोष्टीत यायची राहिली होती. फक्त ती भिंतीखाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने नवसीबायला विचारलं, "कालचं लिहू का?"

"लिही. पण त्या शिव्या नको घालू."

"त्याच चांगल्या आहेत."

"मग दोन घाल. सगळ्या नको."

शेवट नव्याने लिहायला सात आठवडे लागले. सुकट-भात गेला, त्या जागी गेटवरचं भांडण आलं, आणि मुलगी दुसऱ्या पानापासून शेवटपर्यंत कथेत वावरायला लागली. अकरा पानांची पंधरा झाली, मग पुन्हा बारा. पहिली प्रत तिने समिधाला पाठवली. उत्तर तीनच दिवसांत आलं: 'हा शेवट बसला. मलाच तो तेव्हा नीट सांगता आला नव्हता. पण मार्चपासून मी अंकाचं काम सोडलं आहे. नव्या संपादकांकडे पाठवून बघा.' नव्या संपादकांनी छापील चिठ्ठीने परत केली. त्यानंतर आणखी तिघांनी.

सांगलीहून निघणाऱ्या एका लहानशा त्रैमासिकाने ती घेतली, तेव्हा समिधाच्या पहिल्या फोनला दोन वर्षं होऊन गेली होती. संपादक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पोस्टकार्डावर तीन ओळी लिहिल्या आणि खाली, हिच्यासारखी दुसरी असल्यास पाठवावी, असं जोडलं. अंक आला त्यात तिचं नाव 'दीपाली वराडे' पडलं होतं आणि एका पानावर एक ओळ दोनदा छापली गेली होती. अंकुशने अंक उलटा-सुलटा करून पाहिला आणि ती कथा वाचली. तिची त्याने वाचलेली पहिलीच. "गेटवर एवढं झालं होतं?" त्याने विचारलं. "मला नाय सांगितलंस."

कँटीनमध्ये तिने ती वाचून दाखवली. या वेळी टेबलाभोवती आठ-दहा जणी होत्या. नवसीबाय डोळे मिटून ऐकत होती. शेवट झाल्यावर तिने अंक मागून घेतला, रिद्धीला द्यायचा म्हणून. चार दिवसांनी रिद्धीचा निरोप आला: गोष्ट बरी आहे, पण मी असं बोलले नव्हते, मी यापेक्षा बरं बोलले होते. दीपालीने आठवून पाहिलं. पोरीचं म्हणणं खरं होतं.

त्याच आठवड्यात दोन वर्षांपूर्वी लिहिलेली एक कथा ठाण्याहून परत आली. दीपालीने ती सुट्टीच्या दिवशी काढली, पहिलं दीड पान छाटलं, कारण ते कुणाच्याच कामाचं नव्हतं, आणि सांगलीच्या गुरुजींना पाठवली. गुरुजींनी ती नाकारली. या वेळी कारण लिहिलं होतं आणि ते तिला पटलं नाही. म्हणून तिने काही न बदलता ती नागपूरला पाठवली. तिकडून अजून काही कळलेलं नाही. चार महिने झाले.